आकाशदिवा आणि स्वस्तातली काच

लेन्सच्या तोंडावर काच लावावी की लावू नये, यावरून सांगलीच्या आमच्या कॅमेरेवाल्या मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, एवढी महागाची लेन्स, तिच्यापुढं साध्या काचेचं झाकण कशाला? दुसरा म्हणतो, धूळ, शिंतोडे, टक्के-टोणपे सगळे त्या काचेनं खावेत. फुटली तर काच फुटेल, लेन्स वाचेल. या काचेला फिल्टर म्हणतात. मी दुसऱ्या तटाचा. माझं पंपांच्या जळक्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान आहे आणि किरकोळ फ्यूजनं मोठाल्या मोटारी वाचलेल्या मी रोज बघतो. म्हणून काशीला निघताना लेन्सवर चांगल्यातला फिल्टर चढवला होता.

काशीला गेलो ते मात्र फोटो काढायला नव्हे. कॅमेरा घेतला तो हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बँकेच्या नोकरीत काशीला गेला, तिथल्याच ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरातली मुलगी केली आणि काशीकर होऊन राहिला. बारा वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका संध्याकाळी चहा पिऊन उठला, ‘रामनगरला जाऊन येतो’ म्हणाला, आणि आला नाही. रामनगर म्हणजे गंगेपलीकडचं गाव. ना देह मिळाला, ना चप्पल, ना पाकीट. पोलीस झाले, दवाखाने झाले, भिंतीवर फोटो चिकटवून झाले. मी स्वतः जाऊन महिनाभर पायपीट केली. गंगेनं नेला की माणसांनी, कुणाला ठाऊक.

माणूस नाहीसा होऊन बारा वर्षं झाली की शास्त्र त्याला गेला असं धरतं. मग पळसाच्या पानांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. दादाला मूलबाळ नाही, त्यामुळं अग्नी मी द्यायचा. वहिनींचे थोरले बंधू त्यांच्याच घरी राहतात, तिथल्या वेदपाठशाळेत शिकवतात, सगळे त्यांना शास्त्रीजी म्हणतात. त्यांचा फोन आला. ‘मुकुंदराव, मुदत संपली. पण उषा हो म्हणत नाही, आणि ती हो म्हणाल्याखेरीज मी पळसाचं पान तोडणार नाही. तुम्ही या. तुमचं ऐकेल ती.’ माझं माझी बायकोसुद्धा ऐकत नाही, पण हे फोनवर कसं सांगणार?

ब्रह्मा घाट

ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून गाय आली तर आपण पाहुण्यासारखं भिंतीला चिकटून उभं राहायचं. दारादारांवर मराठी आडनावं आणि आत हिंदीत चाललेली भांडणं. उषावहिनींनी दार उघडलं. उघडलं म्हणजे ढकललं, कारण आतून कडी लावलेलीच नव्हती. कपाळावर कुंकू ठसठशीत, केस मात्र पार पांढरे झालेले.

‘या भाऊजी. किती दुबळे झालात! आधी नहाके या, मग चाय करते.’

त्यांचं मराठी असंच, निम्मं गंगेकाठच्या हिंदीचं. चहाबरोबर चुडा-मटर आले. ओल्या मटारात परतलेले पोहे, वरून तूप आणि मिऱ्याची पूड. मी सांगलीचा माणूस, भडंगाशिवाय दुसऱ्या कशाला मान द्यायचा नाही असा माझा बाणा. पण ते चुडा-मटर मी दोनदा मागून घेतले, आता लपवून काय करू?

खाता खाताच एक माकड सरळ दारातून आत आलं आणि टोपलीतला पेरू घेऊन गेलं. मी उठून कडी लावायला निघालो.

‘राहू द्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘झोपेपर्यंत मी लावत नाही.’

‘अहो, माकडं घर धुऊन नेतील!’

‘नेऊ देत.’

मी बसलो. बारा वर्षं त्या दाराला संध्याकाळची कडी लागली नव्हती. गल्लीतले लोक आधी रागावायचे, मग समजवायचे, आता कुणी काही बोलत नाही. विधीचा विषय काढायचं मी मनात घोळवत होतो, तो तसाच गिळला.

दिवेलागणीला शास्त्रीजींनी मला शेजारच्या पंचगंगा घाटावर नेलं. कार्तिकात तिथं आकाशदिवे लावतात. उंच वेळू पुरलेले असतात, त्यांच्या टोकाला वेताची विणलेली टोकरी दोरीनं चढवायची आणि आत दिवा. घरातल्या गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. आपल्याकडं दिवाळीत आकाशकंदील आपल्या हौसेसाठी असतो. इथं तो खालून बघणाऱ्यांसाठी नसतोच. शास्त्रीजींच्या घरचे वेळू तीन होते, वडिलांचा, आईचा आणि काकांचा. वडिलांच्या टोकरीत बॅटरीवरचा पांढरा बल्ब बघून मी हसलो.

‘हसू नका,’ शास्त्रीजी म्हणाले. ‘घाटाच्या कोपऱ्यावर वारा फार. तेलाचा दिवा विझायचा, आणि आमचे वडील अंधाराला भ्यायचे.’

चौथा वेळूही होता. पुरलेला, दोरी ओवलेली, टोकरी मात्र नाही. कुणाचा, ते मी विचारलं नाही. शास्त्रीजींनीच सांगितलं. ‘उषा म्हणते, गेलेल्याला दिवा लावतात. आलेला नाही तो गेलेला कसा?’

वरच्या पायरीवरून मी फोटो काढले. डावीकडं वर दिवे, उजवीकडं खाली काळं पाणी, आणि पलीकडं रामनगरच्या दिशेला नुसता अंधार. चांगले आले.

राजा घाट, आणि एक अपघात

दुसऱ्या दिवशी सकाळी मराठ्यांनी बांधलेला राजा घाट बघायला गेलो. आपली माणसं इतक्या लांब येऊन एवढा दगड रचून गेली, याचा अभिमान वाटून मी छाती काढून पायऱ्या उतरायला लागलो, आणि शेवाळावरून पाय गेला. मी बसलो तो मऊ भागावर, कॅमेरा मात्र दगडावर तोंडघशी. खळ्ळकन् आवाज आला. फिल्टरचा चुरा झाला होता. काचेभोवतीची कडी फिरवून काढली, फुंकर घातली, आतली लेन्स ठणठणीत. सांगलीतल्या पहिल्या तटाला तिथंच फोन लावून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं.

पण आता नवी काच हवी. गोदौलिया चौकाच्या मागं एका बोळात कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान सापडलं. पान लावून बसलेले एक पोक्त गृहस्थ. मी माप सांगितलं. त्यांनी दोन फिल्टर काढले, एक महागाचा आणि एक अगदी स्वस्त, आणि दोन्ही ट्यूबलाइटखाली तिरपे धरून दाखवले.

‘देख लीजिए फरक.’

मी बघितलं. महागाच्या काचेत ट्यूबलाइट मळकट, हिरवट, कशीबशी दिसत होती. स्वस्त काचेत शुभ्र, लख्ख. माझ्या नाकातले केससुद्धा दिसत होते. मी मनात म्हटलं, वा रे लबाडा, मळकी काच महाग विकतोस होय! अर्थात मी स्वच्छ ती घेतली. ते गृहस्थ माझ्याकडं जरा बघत राहिले.

‘ले जाइए. बस, शाम के बाद उतारकर रखिएगा.’

‘का? क्यों?’

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी तोंडातलं पान सांभाळत माझ्याकडं पाठ केली. काशीत पावलोपावली कुणीतरी काहीतरी पाळायला सांगतंच. मी ते सोडून दिलं.

पंचगंगा

त्या संध्याकाळी पुन्हा त्याच पायरीवरून फोटो काढले आणि घरी येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायला लागलो. वहिनी तांदूळ निवडत शेजारी बसल्या होत्या. वर तीन दिवे. आणि खाली उजवीकडं, पाण्यावर, रामनगरच्या अंगाला एक चौथा. लहान, पांढरट, एकटाच.

‘ही नाव कुणाची?’ मी आपलं सहज बोललो.

वहिनींनी बघितलं. हातातलं ताट बाजूला ठेवलं. ‘काल होती?’

कालचे फोटो काढले. काल नव्हती.

‘तुम्ही उभे होतात तेव्हा पाण्यावर काही दिसत होतं?’

मी आठवून बघितलं. पाणी काळंकुट्ट होतं. तसा दिवा दिसला असता तर मी आधी त्याचाच फोटो काढला असता. नव्हता दिसत, म्हणालो. आणि म्हणता म्हणता कॅमेरा खाली ठेवला. दुकानदाराचं ते वाक्य आठवलं, शाम के बाद उतारकर रखिएगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव करून मी त्या जागी गेलो. नावाडी बोलका होता, पण दिव्याचं विचारलं तसं त्यानं तोंड फिरवलं. पलीकडं नुसती वाळू. एक ओलं धोतर काठीवर वाळत टाकलेलं, आणि माणूस कुठंच नाही.

‘कल शाम इधर कोई नाव था?’ मी माझ्या सांगली-हिंदीत विचारलं.

‘नहीं बाबूजी. अँधेरा होने के बाद इधर कोई नहीं बाँधता.’

‘का?’

‘नहीं बाँधता,’ एवढंच म्हणून त्यानं वल्हं मारलं. इथून बघितला तर आपला घाट केवढा लहान दिसतो! चार वेळू आगपेटीतल्या काड्यांएवढे. दादानं शेवटचं वळून बघितलं असेल तर एवढंच दिसलं असेल, असं मनात आलं. मी नाव परत फिरवायला सांगितली.

संध्याकाळी फोटो काढले. तो दिवा होता. पण कालच्या जागी नव्हता. कालच्यापेक्षा जवळ होता.

मी तसाच घरी आलो आणि कॅमेरा वहिनींपुढं ठेवला. खरं तर दाखवायला नको होतं, पण एकट्यानं बघायची माझी छाती होईना. वहिनींनी बराच वेळ बघितलं. रडल्या नाहीत. पदर सारखा केला आणि आतल्या खोलीत विद्यार्थ्यांकडून पाठ घोकून घेत असलेल्या भावाला हाक मारली.

‘अण्णा, करा तुम्ही विधी.’

शास्त्रीजी उंबऱ्यात उभे राहिले. ‘काय म्हणालीस?’

‘ते स्वतःच दिवा घेऊन उभे आहेत. आम्ही लावत नाही म्हणून. गेल्याशिवाय कोणी असं येतं का? करा विधी.’

शास्त्रीजींनी डोळे मिटून घेतले. बारा वर्षं ज्या शब्दाची वाट बघत होते तो आला होता. मी मात्र आत-बाहेर करत राहिलो. बहिणीचा होकार भावाला मिळाला, पण अग्नी द्यायचा होता मला.

पुन्हा पंचगंगा

विधी दोन दिवसांनी ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, ‘मला तिथं नेऊन दाखवा.’ मी, वहिनी आणि शास्त्रीजी, तिघं त्या पायरीवर उभे राहिलो. मी कॅमेरा चालू करून पडदा त्यांच्याकडं वळवला. डोळ्यांना पाणी काळं. पडद्यावर दिवा.

‘जवळ आणता येतो का?’ वहिनींनी विचारलं. त्यांना मोठा करून बघायचा होता.

मोठं करायचं बटण चाचपताना कॅमेरा जरा डावीकडं वर वळला, वेळूंच्या बाजूला. आणि तो दिवा निघाला. देवाशपथ सांगतो, निघाला. पाण्यावरून तिरका, संथ, आमच्याकडं. मी थांबलो की तो थांबे. मी वळवला की तो चाले. वहिनींनी माझं मनगट गच्च धरलं होतं. माझे हात लटपटत होते, तसा तोही पाण्यावर लटपटत होता.

‘येतायत,’ वहिनी म्हणाल्या.

शास्त्रीजींच्या वडिलांचा बल्ब पडद्याच्या मधोमध आला. तो दिवाही मधोमध आला. दोघं एकमेकांना भिडले आणि एक झाले. मी आणखी वळवला. ते पुन्हा सुटे झाले, बल्ब एका अंगाला, दिवा बरोबर उलट्या अंगाला.

इथं माझ्यातला वाइंडिंगवाला जागा झाला. जितका हा इकडं, तितका तो तिकडं. असं भूत नाही वागत, असं यंत्र वागतं. मी फिल्टरची कडी धरून पिळली. स्वस्तातली कडी, अडकून बसलेली. खिशात दुधाच्या पिशवीचं रबर होतं, ते गुंडाळून जोर लावला तेव्हा कुठं सुटली. काच निघाली, आणि दिवा गेला. लावली, आला. काढली, गेला.

ट्यूबलाइटखाली लख्ख दिसलेली ती काच माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. अरे गाढवा! काचेत ट्यूब लख्ख दिसते म्हणजे काच उजेड परत फेकते. आत गेलेला बल्बचा उजेड आतल्या चकचकीत भागावरून उलटतो, काचेवर आपटून पुन्हा आत जातो आणि भलत्याच ठिकाणी उमटतो. मळकट, हिरवट दिसणारीवर लेप असतो, ती उजेड परत न फेकता पार जाऊ देते. दुकानदारानं फरक दाखवला होता तो हा. काल दिवा जवळ आला होता तो मी कॅमेरा जरा वेगळा धरला म्हणून. आणि पहिल्या संध्याकाळी नव्हता तो चांगला फिल्टर होता म्हणून.

मी शास्त्रीजींना बाजूला घेऊन सांगितलं. ते हळूच म्हणाले, ‘मुकुंदराव, उद्याचा दिवस जाऊ द्या. मग सांगा. नाहीतर नकाच सांगू. बारा वर्षांनी हो म्हणाली आहे.’

त्यांचं खोटं नव्हतं. सांगितलं तर त्या पुन्हा दार उघडं टाकून बसणार, आणि आता त्यांचं वय वाट बघण्याचं राहिलं नव्हतं. पण दीडशे रुपयांच्या काचेच्या साक्षीवर माझ्या दादाला अग्नी देऊ? मला ते जमेना. मी वहिनींपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. ट्यूबलाइटपासून सांगितलं. माझा मूर्खपणाही सांगितला.

त्यांनी कॅमेरा मागून घेतला. काच लावायला सांगितली, बघितलं. काढायला सांगितली, बघितलं. पुन्हा लावायला सांगितली. मग त्यांनी स्वतः तो दिवा पाण्यावरून हळूहळू आणला, बल्बला भिडवला, परत रामनगरकडं सोडला. घाटावर आरत्या चालल्या होत्या, माणसं जा-ये करत होती, आणि वहिनी आणत होत्या आणि सोडत होत्या. मला त्या क्षणी दिव्यापेक्षा त्यांचं भय वाटलं.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘उद्याचं नको वाटत असेल तर नको. मी सांगलीला परत जातो. कुणी काही म्हणणार नाही.’

‘भाऊजी, मी बारा साल हेच तर करते आहे,’ त्या म्हणाल्या. ‘रोज संध्याकाळी आणते आणि रोज सोडते. मला काचसुद्धा लागली नाही.’ मग भावाकडं वळल्या. ‘अण्णा, एक टोकरी द्या मला. आणि तेल.’

चौथ्या वेळूवर त्यांनी स्वतः दोरी ओढली. टोकरी अडखळत अडखळत वर गेली, वाऱ्यानं एकदा दिवा निजला असं वाटलं, पण तगला. शास्त्रीजी मंत्र म्हणायला लागले.

‘आता फोटो काढा,’ वहिनी म्हणाल्या. ‘काच काढून.’

काढला. वर चार दिवे. खाली उजवीकडं काळं पाणी.

‘आहे का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘बघू.’ त्यांनी बघितलं आणि मान हलवली. ‘बरोबर आलाय.’

मी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या पाण्याइतकं रिकामं दुसरं काही मी अजून बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. पळसाची पानं पेटताना बारीक तडतडतात, एवढंच त्यातलं सांगतो. वहिनींनी कुंकू पुसलं नाही, आणि शास्त्रीजींनी तिकडं बघितलं न बघितलंसं केलं. संध्याकाळी माकडं यायच्या वेळेला त्या उठल्या आणि दाराला कडी घातली. बारा वर्षं फक्त झोपताना लागलेली कडी, संध्याकाळची कुरकुरली. आम्ही तिघांनी ती ऐकली आणि जेवायला बसलो.

आता सांगलीत कुणी फिल्टर विचारायला आलं की मी सांगतो. ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. ट्यूब लख्ख दिसली तर घेऊ नका, मंद हिरवट-जांभळट दिसली तर घ्या. फार महागाचा नको, मधल्या किमतीत लेपाचा मिळतो. आणि खिशाला परवडत नसेल तर स्वस्तातला घ्या, पण दिवे लागले की काढून ठेवा. लोक ऐकतात आणि आपापल्या मनानं काहीतरी घेऊन येतात.

माझी ती काच मी टाकलेली नाही. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असते. एखाद्या संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की लेन्सला लावतो आणि समोरच्या खांबावरच्या दिव्याकडं कॅमेरा धरतो. खाली कोपऱ्यात, गटाराच्या काळोखावर तो येतो. मी कॅमेरा हळूहळू वळवतो. तो चालत चालत जवळ येतो. ‘आलास, दादा?’ म्हणतो मी. मग काच काढतो, दुकानाचं शटर ओढतो आणि घरी जातो.